नाव छापून देण्याचा धंदा: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

पेनपासून जर्सीपर्यंत आणि कॅलेंडरपासून छत्रीपर्यंत, सांगाल त्यावर नाव छापून देण्याचं काम आम्ही शाहूपुरीतून करतो. पतसंस्थांचे सचिव, कंपन्यांतले एचआरवाले, मंडळांचे कार्यकर्ते आणि या धंद्यात उतरू पाहणारी पोरं फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. कराचे दर आणि नियम बदलत राहतात. मोठी ऑर्डर घेण्याआधी आपल्या सीएंना एक फोन करावा.

१. गिफ्टचं दुकान आणि हा धंदा यात फरक काय?

दुकानात गिऱ्हाईक वस्तू निवडतं, पैसे देतं, विषय संपतो. नाही विकली गेली तर वस्तू उद्या दुसरा कुणी नेतो. इथं एकदा वस्तूवर कुणाचं नाव चढलं की ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची राहत नाही. नावात वेलांटी चुकली, माल भंगार. तारीख हुकली तरी भंगारच, कारण १५ ऑगस्टचे टी-शर्ट १६ तारखेला कोणी घेत नाही. त्यामुळे बोलून वस्तू विकण्याचं कसब लागतं थोडं. तपासणं आणि पाठपुरावा करणं हे खरं रोजचं काम. ज्याला ते कंटाळवाणं वाटतं त्यानं दुकान घालावं.

२. हा पुण्या-मुंबईचा धंदा ना? कोल्हापुरात एवढं काम आहे का?

आहे, फक्त वेगळं आहे. पुण्यात आयटी कंपन्यांचे वेलकम किट चालतात. आपल्याकडचं वर्ष सहकारावर, फौंड्रीवर (ओतकामाचे कारखाने) आणि तालमींवर (पेठांतली मंडळं आणि त्यांचे फुटबॉल संघ) फिरतं.

सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे पावसाळा सरत आला की पतसंस्था, विकास सेवा संस्था आणि दूध संस्थांना एकदमच सभासद भेट आठवते: छत्री, स्टीलचा डबा, सोलापुरी चादर, बॅग. सभेत अहवालापेक्षा भेटीवर जास्त चर्चा होते, हे ज्यानं सभा पाहिली आहे त्याला सांगायला नको. लगेच गणपती. मंडळाचे टी-शर्ट मिरवणुकीच्या आदल्या आठवड्यात ठरतात आणि परवा पाहिजे असतात. मग खंडेनवमी, दिवाळी आणि नव्या वर्षाची कॅलेंडरं-डायऱ्या.

थंडीपासून शाहू स्टेडियमवर फुटबॉल सुरू झालं की जर्सीचं काम. १९ फेब्रुवारीची शिवजयंती. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीतले कारखाने त्या आठवड्यात कामगारांना टोप्या, टी-शर्ट, मग देतात. ६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकाला जाणारे ग्रुप, २६ जूनला शाहू जयंती, मध्येच शाळा-कॉलेजांचं गॅदरिंग. एप्रिल-मे मात्र सुस्त. लग्नाच्या रिटर्न गिफ्टवर तेवढी रोजी निघते.

३. मशीन न घेता सुरू करता येईल का? भांडवल किती लागतं?

येतं, आणि माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष तसंच काढावं. सॅम्पल, कॅटलॉग, फोन आणि दुचाकी एवढ्यावर ऑर्डर घ्या, छपाई जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी देऊन दुसऱ्याकडून, करून घ्या. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरीत छापणारे आहेत. लेझर कटिंग, सीएनसी, पावडर कोटिंग उद्यमनगरात मिळतं. इतक्या जवळ इतके कारागीर मिळणं ही कोल्हापूरची मोठी सोय आहे. कोणतं काम वारंवार येतंय हे कळलं की त्याचंच मशीन घ्या.

मगवर फोटो छापण्याचा सेट (सबलिमेशन प्रिंटर, हीट प्रेस, मग प्रेस) लाखाच्या आत बसतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि म्हणूनच तिथं दर सर्वांत जास्त पडलेत. कर्ज काढून मशीन घ्यायचंच असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. योजना निर्मिती आणि सेवा उद्योगांसाठी आहे, तेव्हा अर्जात छपाईचं काम स्पष्ट लिहा.

४. मला धंदा नको, नोकरी हवी आहे. काय काय कामं असतात?

मार्केटिंगवाला ऑर्डर आणतो. डिझायनर लोगो साफ करून मोक-अप (छापल्यावर वस्तू कशी दिसेल त्याचं चित्र) बनवतो. खरेदी पाहणारा तिरुपूर-मुंबईशी बोलतो. छपाईवर कारागीर, पॅकिंगवर बहुतेक महिला. लहान फर्ममध्ये यातली तीन कामं एकाच माणसाकडे असतात.

कलानिकेतन, दळवीज यांसारख्या कला महाविद्यालयांतून आलेल्या मुलांचा हात चांगला असतो. पण कोरल ड्रॉमध्ये रंग वेगळे काढणं, कापडाचा जीएसएम (चौरस मीटरला वजन) बोटांनी ओळखणं, शाई भाजली का हे ओढून पाहणं या गोष्टी टेबलाजवळ उभं राहूनच येतात. मुलाखतीत मी एक छापील पत्रक हातात देतो आणि चुका शोधायला सांगतो. पदवीपेक्षा मला त्यावरून जास्त कळतं.

५. माल कुठून आणता?

टी-शर्ट तिरुपूरचे. कॅलेंडर, डायऱ्या शिवकाशीहून. तिथली ऑर्डर ऑगस्ट-सप्टेंबरात गेली नाही तर डिसेंबरात हात चोळत बसावं लागतं. पितळी वस्तू मुरादाबाद, पेन-बाटल्या-छत्र्या मुंबईचे घाऊक व्यापारी. चादर-टॉवेल सोलापूर. कापडी पिशवीचं कापड इचलकरंजीला आणि शिलाई इथल्या बचत गटांकडे. चांदीचं नाणं किंवा निरांजन द्यायचं असेल तर हुपरी हाकेच्या अंतरावर, पण चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून कोटेशनवर ‘दर आजपुरता’ असं ठळक लिहा.

पहिल्या व्यवहारात पूर्ण पैसे पाठवू नका. पाच-दहा नग मागवा, धुऊन पाहा, मगच लॉट.

६. स्क्रीन प्रिंट, डीटीएफ, सबलिमेशन, भरतकाम, लेझर… कशावर काय करायचं?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. वस्तू कशाची आहे, नग किती आणि लोगोत रंग किती, या तिन्हींवर उत्तर ठरतं.

सुती टी-शर्ट, नग शंभरच्या वर आणि रंग एक-दोन असतील तर स्क्रीन प्रिंट. प्रत्येक रंगाला जाळीची स्वतंत्र फ्रेम बनते आणि तिच्यातून शाई कापडावर उतरवतात. गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा रंग मातकट दिसतो. प्लास्टिसॉल शाई साधारण १६० अंशांवर भाजली गेली तरच टिकते. घाईत कमी भाजलेला प्रिंट वरून देखणाच दिसतो. तिसऱ्या धुण्यात तडे जातात आणि शिव्या तुम्हाला बसतात.

नग थोडे आणि लोगोत फोटो किंवा छटा असतील तर डीटीएफ. फिल्मवर छापून हीट प्रेसनं कापडावर दाबतात, कोणत्याही रंगाच्या कापडावर चालतं. पण छातीभर मोठा डीटीएफ घाम धरतो. मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांना तो देऊ नका.

सबलिमेशनमध्ये शाईची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. हाताला काही लागत नाही, धुऊन जात नाही. मात्र कापड पॉलिस्टर आणि पांढरं किंवा फिकट हवं. सुती कापडावर ती टिकत नाही. मगलाही पॉलिमरचा थर दिलेला लागतो, घरातला कप आणून ‘यावर छापा’ म्हटलं तर जमत नाही.

भरतकाम पोलो टी-शर्ट, टोपी, जॅकेटवर शोभतं. एकदा डिजिटायझिंगचे (लोगोची टाक्यांची फाइल बनवण्याचे) पैसे, मग दर हजार टाक्यांवर. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर धाग्यात वाचता येत नाही, म्हणजे लोगोखालची ‘स्थापना’ची ओळ काढावीच लागते. पातळ टी-शर्टवर भरतकाम केलं तर कापड गोळा होतं.

पेनावर पॅड प्रिंटिंग (मऊ पॅडनं शाई उचलून ठसा उमटवणं). स्टीलच्या रंगीत बाटलीवर लेझर. वरचा रंग जळून खालचं स्टील दिसतं, त्यामुळे लोगो चंदेरीच येणार. रंगीत हवा तर यूव्ही (अतिनील प्रकाशानं वाळणाऱ्या शाईची छपाई). चामड्यावर, लाकडावरही लेझर चांगला चालतो. रेक्झिनवर मात्र नको म्हणा: पीव्हीसी जाळला की क्लोरिनयुक्त विषारी वायू सुटतो. कारागिराच्या छातीला तो वाईट आणि मशीन गंजतं ते वेगळंच.

७. टीमच्या लाल जर्सीवरचा पांढरा नंबर चार दिवसांत गुलाबी झाला. शाई खराब होती का?

बहुतेक वेळा शाई चांगलीच असते. जर्सी पॉलिस्टरची असते आणि लाल, मरून, काळा हे रंग गरम झाले की धाग्यातून सुटून वरच्या शाईत चढतात. छापल्याबरोबर नंबर पांढराशुभ्र दिसतो, नंतर गुलाबी होत जातो. उपाय दोन: रंग अडवणारी शाई किंवा फिल्म वापरून कमी तापमानावर काम करणं, नाहीतर पांढऱ्या कापडावर रंग आणि नंबर एकत्रच सबलिमेशननं छापून मग शिवणं. नव्या सीझनसाठी टीम करायची असेल तर दुसरा मार्ग बरा. आपल्याकडे लाल-काळ्याची आवड फार, त्यामुळे हे आधीच विचारा.

८. लोगो व्हॉट्सॲपवर पाठवलाय. चालेल ना?

फोटो म्हणून पाठवला असेल तर नाही. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. मूळ कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा पीडीएफ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ती नसेल तर ज्यानं तुमचं लेटरहेड किंवा बोर्ड बनवला त्याला विचारा, तिथं हमखास सापडते. ‘बोर्डाचा फोटो काढून पाठवतो’ हे कृपा करून नको.

मराठीचं आणखी एक दुखणं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा कचरा होतो. म्हणून डिझायनरला ‘कर्व्ह करून द्या’ एवढंच सांगा, म्हणजे अक्षरं चित्र होऊन येतात. पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नंतर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा.

९. मजकुराचं शुद्धलेखन तुम्हीच तपासता ना?

आम्ही पाहतो, पण जबाबदारी ‘ओके’ म्हणणाऱ्याची. तुमच्या चेअरमनचं नाव ‘दिनकर’ की ‘दीनकर’ असं ते स्वतः लिहितात, हे आम्हाला कसं कळणार? प्रूफ (छापण्याआधी तपासायचा नमुना) एकाच माणसानं मंजूर करावं. संचालक मंडळाच्या ग्रुपवर टाकलं की अकरा जणांचे अंगठे येतात आणि नोंदणी क्रमांक एकही जण वाचत नाही.

व्यवसायात असाल तर नियम करा: मंजुरी लेखी, पूर्ण मोक-अपवर, आकार आणि रंग त्यात लिहिलेला. फोनवरचं ‘करा हो, बरोबर आहे’ धरायचं नाही. यावरून पुढं वाद झाला तर काय, ते प्रश्न २० मध्ये आहे.

१०. मोबाइलवर दिसतो तोच रंग येईल का?

नाही. पडद्यावर प्रकाश असतो, कापडावर शाई. कंपनीच्या रंगाचा पँटोन क्रमांक (छपाईत सगळीकडे चालणारा रंगाचा क्रमांक) द्या. तोही कापड, स्टील आणि प्लास्टिकवर थोडा वेगळा दिसतो. मोठ्या ऑर्डरीत एक नग छापून हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात पाहावा.

११. आम्हाला पंचवीसच नग पाहिजेत. दर एवढा का?

तयारीचा खर्च पंचवीस नगांना लागतो तेवढाच चारशेंना. समजा दोन रंगांच्या फ्रेम, पॉझिटिव्ह (फ्रेम बनवायची फिल्म) आणि सेटिंग मिळून ८०० रुपये. पंचवीस टी-शर्टवर तो नगाला ३२ रुपये पडतो, चारशेंवर २ रुपये. थोड्या नगांना डीटीएफ घ्या (प्रश्न ६). पुढच्या वर्षी तेच चिन्ह लागणार असेल तर वर्ष न छापता घ्या, म्हणजे उरलेले नग वाया जात नाहीत.

१२. नफा किती धरावा? सगळेच दर पाडतात.

दर पाडणाऱ्यांपैकी बरेच जण नुसती खरेदी आणि छपाई जोडून वर काहीतरी लावतात. त्यात सॅम्पलचा खर्च, ट्रान्सपोर्ट, पॅकिंग, दोन-तीन फेऱ्यांचं पेट्रोल, वाया गेलेले नग आणि उधारीचं व्याज धरलेलंच नसतं.

हिशोब करून पाहू. नगाला २०० खर्च, २५० ला विकला. याला लोक २५ टक्के म्हणतात. विक्रीवर तो २० टक्केच आहे. शंभर नगांवर ५,००० मिळाले. त्यातले पाच नग छपाईत बिघडले, हजार गेले. पैसे तीन महिन्यांनी आले आणि तुमच्या २०,००० वर बँकेचं व्याज १२ टक्के, आणखी ६०० गेले. उरले ३,४००, त्यातून भाडं आणि पगार. म्हणून मी पाच टक्के दर कमी करण्यापेक्षा पन्नास टक्के ॲडव्हान्स मागतो. पन्नास-शंभर नगांची रोजची कामं आणि पाच हजार नगांचं टेंडर यांना एकच टक्का लावू नका. टेंडरमध्ये टक्का कमी असला तरी चालेल, पण पैशांची तारीख कागदावर हवी.

१३. संस्थेनं सहा महिने पैसे दिले नाहीत. उद्यम नोंदणी आहे, काही उपयोग?

तुम्ही स्वतः छापता का, यावर अवलंबून आहे. सूक्ष्म-लघु उत्पादक किंवा सेवा देणारे म्हणून उद्यम नोंदणी (केंद्राकडची लहान उद्योगांची नोंदणी) असेल तर एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं आणि सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. खरेदीदाराला आयकरातही टोचणी आहे: मुदत टळली तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते.

तयार माल आणून तसाच विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र यातलं काही मिळत नाही. २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, ती फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. नोंदणी आहे म्हणजे हक्क आला, असं समजून भांडायला जाऊ नका.

१४. जीएसटी नोंदणी कधीपासून? दर किती?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाख, सेवेला २० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. आपल्याकडची मेख सीमेची आहे. कागलच्या पुढं निपाणी लागली की कर्नाटक. तिथल्या गिऱ्हाइकाला माल विकला की तो आंतरराज्य व्यवहार आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची ठोक दराची जीएसटी योजना) असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. शिवाय कंपन्यांना तुमच्या बिलावर क्रेडिट (खरेदीवरचा कर आपल्या करातून वजा करणं) मिळत नाही, म्हणून त्या तुमच्याकडे येत नाहीत. कंपन्यांचं काम करायचं असेल तर नियमित नोंदणी घ्या.

दर वस्तूप्रमाणे वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के, त्यावर १८ टक्के. चांदीवर ३ टक्के. ई-वे बिलाची (माल नेताना लागणारी ऑनलाइन पावती) मर्यादा राज्यात १ लाख, राज्याबाहेर ५० हजार. निपाणीच्या टेम्पोत माल टाकताना हे लक्षात असू द्या.

१५. एकाच बॉक्समध्ये टी-शर्ट, बाटली आणि पॉवरबँक देतोय. कर कोणता लावायचा?

एकाच किमतीला एकत्र विकलं तर तो मिश्र पुरवठा ठरतो आणि त्यातल्या सर्वांत वरच्या दराचा कर सगळ्यावर लागतो. म्हणजे टी-शर्टचा ५ टक्के गेला, पॉवरबँकमुळे पूर्ण बॉक्स १८ टक्क्यांत. कोटेशन देण्याआधी हे पाहा, नंतर फरक कुणी देत नाही.

जोडून येणारा प्रश्न: ‘या भेटवस्तूंवर आमच्या कंपनीला क्रेडिट मिळेल का?’ भेट किंवा मोफत नमुना म्हणून वाटलेल्या वस्तूंवर मिळत नाही. ‘एकावर एक मोफत’ ही विक्रीचीच योजना असते, ती भेट धरत नाहीत. कामगारांचा गणवेश आणि दिवाळीची भेट यांतही फरक आहे. तुमची केस कशात बसते हे तुमच्या सीएंना ठरवू द्या.

१६. डीलरला, डॉक्टरांना किंवा सरकारी कार्यालयाला भेट द्यायची आहे. काही बंधनं?

तिघांनाही वेगवेगळी. डीलरला धंद्याच्या संबंधातून वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीची भेट किंवा लाभ दिला तर देणाऱ्यानं १० टक्के टीडीएस भरायचा असतो. १ जुलै २०२२ पासून हे लागू आहे. औषध कंपन्यांसाठी मार्च २०२४ ची विपणन संहिता आहे. डॉक्टरांना वैयक्तिक भेटी बंद. पुस्तक, डायरी, कॅलेंडर अशा माहितीपर वस्तू नगाला १,००० रुपयांच्या आत चालतात. केंद्रीय मंत्रालयं, सार्वजनिक कंपन्या आणि सरकारी बँकांनी छापील डायरी-कॅलेंडर काढू नयेत असा अर्थ मंत्रालयाचा आदेश सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि शिवकाशीपर्यंत त्याचे चटके बसले.

१७. कॅलेंडरवर शिवाजी महाराजांचं चित्र आणि खाली आमच्या फर्मची जाहिरात, चालेल का?

हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण बहुतेक जण विचारतच नाहीत. १९५० च्या बोधचिन्हं व नावं यांचा गैरवापर रोखणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू, इंदिरा गांधी आणि पंतप्रधान यांची नावं व चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती व्यापारासाठी वापरता येत नाहीत. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त कॅलेंडर बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेलं नसेल तरच. खालच्या पट्टीत ‘आमच्याकडे सर्व प्रकारची खते मिळतील’ आलं की सूट संपली. बाजारात अशी शेकडो कॅलेंडरं लटकतात हे खरं. तरी आम्ही गिऱ्हाइकाला गडाचं, रंकाळ्याचं चित्र सुचवतो.

तिरंग्यावर कोणताही मजकूर किंवा लोगो नको. रुमाल, उशी, नॅपकिन, कपड्याचं कापड यांवर तो छापणं १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तीन रंगांची पट्टी वेगळी आणि अशोकचक्रासह ध्वज वेगळा. शंका असेल तिथं पट्टीवर भागवा. अशोकस्तंभ सरकारी नसलेल्या कुणाच्याही वस्तूवर नाही. तेच परदेशी फुटबॉल संघांचं: अर्जेंटिना-ब्राझीलवर कोल्हापूरचं कितीही प्रेम असलं तरी त्यांचं बोधचिन्ह विकण्यासाठी छापणं म्हणजे दुसऱ्याचा ट्रेडमार्क उचलणं. रंग घ्या, चिन्ह आपल्या तालमीचं लावा.

१८. निवडणुकीचं काम घ्यावं का?

पैसे रोख आणि आगाऊ असतील तरच. लोकसभा-विधानसभेच्या पत्रकावर, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्यानं सक्तीचं आहे. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांच्या सहीनिशी घोषणापत्र घ्यायचं आणि छापल्यावर प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. टाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टोप्या, टी-शर्ट उमेदवाराच्या खर्चात धरतात, म्हणून ‘बिल दुसऱ्याच्या नावानं करा’ हा आग्रह होतोच. करू नका. मतदारांना वाटायच्या साड्या-भांड्यांवर नाव छापायला कोणी आलं तर ते लाचेचं काम आहे, चहा पाजून परत पाठवा.

१९. बाहेरच्या पाहुण्यांना कोल्हापूरची आठवण म्हणून काय द्यावं? चपलेचं कीचेन, गूळ…?

दोन्ही छान, पण दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच) आहे: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, कोल्हापुरी गुळालाही आहे. चपलेचं मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपुरतं. रेक्झिनची मशीनकट चप्पल किंवा दुसरीकडचा गूळ त्या नावानं बॉक्समध्ये घालू नका. २०२५ च्या जून महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दिसली तेव्हा आपण केवढा आवाज केला. आपल्याच गिफ्ट बॉक्समध्ये नकली माल असेल तर बोलायला तोंड राहत नाही. चप्पल लाइनीतून (शहरातला चपलांचा बाजार) किंवा थेट कारागिराकडून लहान चामडी जोड करून घ्या, महाग पडतो पण जपून ठेवला जातो. गूळ स्वतः पॅक करणार असाल तर एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आणि लेबल लागतं. त्यापेक्षा नोंदणी असलेल्याकडून पॅक घेऊन वर फक्त तुमची पट्टी लावा.

बाकी वस्तूंचं थोडक्यात: पॉवरबँकवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक हवाच. पाण्याच्या स्टील बाटलीवर आयएसआय मार्क पाहून घ्या. पिशवी सुतीच द्या. कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्या प्लास्टिकच्याच असतात आणि प्लास्टिकबंदीची धाड पडली तर पिशवीवरचं छापलेलं नाव तुमच्या गिऱ्हाइकाचं असतं. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे.

२०. माल चुकीचा किंवा कमी आला तर भरपाई कोण देतं?

मंजूर प्रूफ आणि माल शेजारी ठेवून पाहायचं. प्रूफमध्येच चूक होती तर खर्च मंजूर करणाऱ्याचा (प्रश्न ९), प्रूफ बरोबर आणि छपाई चुकली तर छापणाऱ्याचा. रंगातला थोडा फरक प्रश्न १० मध्ये आला आहे, तो यात धरू नका.

गुंतागुंत होते ती गिऱ्हाइकानं स्वतःचे टी-शर्ट आणून दिलेले असतात तेव्हा. त्यात दोन-चार नग बिघडणारच, म्हणून माल घेतानाच ‘शंभराला तीन नग वाया’ असं चलनावर लिहून सही घ्या, नाहीतर मजुरी २० रुपयांची आणि भरपाई ३०० च्या टी-शर्टची असा उफराटा व्यवहार होतो. कमी नगांचं भांडण टाळायचं असेल तर माल गिऱ्हाइकासमोर साइजवार मोजून द्या, विशेषतः एक्सएल आणि डबल एक्सएल. आपल्याकडे मीडियम उरतात आणि डबल एक्सएल कमी पडतात, तेव्हा ऑर्डर घेतानाच पोरांची मापं नावानिशी मागून घ्या.